छर्‍याची बंदूक आणि परवान्याचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांस व्याकरण शिकविले, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी आम्हांस सरकारी कागद वाचावयास शिकविले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. मराठीच्या एका जुन्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी बंदुकीच्या परवान्यासारखा रुक्ष विषय का निवडावा, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका पाहून आपणांपैकी अनेकांना पडला असणार. त्याचे उत्तर १९६३ सालच्या एका दुपारात आहे.

तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. धूलकोटच्या बाजूला आमची थोडी शेती होती. सुटीत आमच्यापैकी एकाचा मामेभाऊ शहरातून छर्‍याची बंदूक घेऊन आला. दारू नाही, टोपी नाही. नळी मध्ये मोडावयाची, जवसाच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा घालावयाचा, नळी सरळ करावयाची आणि घोडा ओढावयाचा. जत्रेत फुगे फोडावयास मिळते तीच ही वस्तू, अशी आमची समजूत. पहिल्या छर्‍याने बाभळीवरचा एक होला पडला. दुसरा छर्रा विहिरीच्या दगडी काठावर आपटून परतला आणि आमच्या एका सोबत्याच्या गालात, डोळ्याखाली बोटभर अंतरावर रुतला. बोटभर वर लागता तर काय झाले असते, ते सांगावयास नको. दुसर्‍या दिवशी गुरुजींनी आम्हां सर्वांस उभे केले. छडी हाती घेतली नाही. एवढेच विचारले, “अरे, या बंदुकीला परवाना लागतो की नाही?” कोणासच सांगता येईना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक आहे. त्यांचा परवाना उद्या घेऊन ये. आपण वाचू.”

आजोबांनी कुरकुर करीत तो कागद दिला आणि गुरुजींनी त्यातील इंग्रजी ओळ न् ओळ मराठीत उलगडून सांगितली. बंदूक कोणाची, कशासाठी, किती दारू बाळगावयाची, कोणत्या हद्दीत वापरावयाची. आमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या कागदात नव्हते. ते शोधताना पुढे मला जे सापडत गेले, तेच आज आपणापुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. माझी ती जुनी खोड आहे. ‘परवाना’ हा शब्द फारसीतून आला. बादशाही अमलात सरकारी हुकमाच्या कागदास परवाना म्हणत, आणि बर्‍हाणपूर हे तर खानदेश सुभ्याचे ठाणे. तेव्हा या शहराला परवाने नवे नव्हते. परंतु तो हुकूम असे. वतनाचा, वसुलीचा, वाटखर्चाचा. घरात शस्त्र ठेवण्यास प्रत्येकाने सरकारची अनुज्ञा मागावी, ही कल्पना त्या शब्दात नव्हती. ‘धूलकोट’ या नावाकडेही पहा. धूलकोट किंवा धुळकोट म्हणजे मातीचा तट. ज्या मुलखात गावोगाव मातीचा का होईना तट घालावा लागे, तेथे घराच्या खुंटीवर तलवार आणि वळचणीला भाला असणे ही कोणी लपविण्याची गोष्ट मानीत नसे.

हे सारे पालटले ते १८५७ नंतर. उठाव चालू असतानाच कंपनी सरकारने शस्त्रांसंबंधी तात्पुरता कायदा केला आणि १८६० मध्ये त्याच्या जागी दुसरा आणला. आपल्या भागात त्या वर्षांची आठवण निराळ्या नावांनी जागी आहे. सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या झेंड्याखाली भिल्ल उठले होते. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीस त्यांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. खाज्या नाईक १८६० मध्ये मारला गेला, भीमा नाईकास अंदमानास धाडण्यात आले. याच १८६० साली बर्‍हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले. असीरगड तर १८१९ पासूनच त्यांच्या हाती होता. म्हणजे हा मुलूख इंग्रजी अमलात आला आणि शस्त्रांचा नवा कायदा झाला, ते एकच वर्ष. योगायोगच म्हणा, परंतु आपल्या आजा-पणजांच्या दृष्टीने नवे राज्य आणि नवी शस्त्रबंदी या दोन्ही एकाच पावली घरात आल्या.

तथापि ज्याला खर्‍या अर्थाने शस्त्रांचा कायदा म्हणतात, तो १८७८ चा अकरावा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. मराठीच्या अभ्यासकास हे वर्ष विसरता येत नाही, कारण देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही याच वर्षी, याच हाताने झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ त्या वेळी निघत होती. लेखणी आणि बंदूक या दोहोंना एकाच वर्षी वेसण घालणार्‍या राज्यकर्त्याचे मन कशाने धास्तावले होते, हे निराळे सांगण्याची गरज नाही. कायदा देशी भाषांपुरताच असल्यामुळे कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ एकाएकी इंग्रजीतून निघू लागली, ही कथा सुप्रसिद्ध आहे. पुढे रिपनने वृत्तपत्रांचा कायदा १८८२ मध्ये रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र त्यालाही हलवावासा वाटला नाही. तो पुढे ऐंशी वर्षांहून अधिक टिकला. लेखणीपेक्षा बंदुकीचे भय राज्यकर्त्यांना अधिक वाटले, असा याचा अर्थ काढावयाचा की काय? मला तसे वाटत नाही. लेखणीला पुन्हा वेसण घालण्याचे इतर मार्ग होते आणि ते पुढे वापरलेही गेले.

या कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तोफा, बंदुका, संगिनी, तलवारी, कट्यारी, भाले, भाल्यांची पाती आणि त्यांच्याच पंगतीत धनुष्य-बाण! ज्या डोंगरात मूल चालू लागले की त्याच्या हाती लहानसे धनुष्य येते, त्या डोंगरातील माणसाचे रोजचे अवजार कायद्याने तोफेच्या ओळीत बसविले. शस्त्र घेऊन हिंडावयाचे तर परवाना हवा, हा नियम. एखाद्या प्रदेशाला, वर्गाला वा शस्त्राला त्यातून सूट देण्याचा अधिकार सरकारकडे होता. म्हणजे भिल्ल, बारेला, कोरकू यांनी धनुष्य खांद्यावर टाकून रानात जावे ही कालपर्यंतची सहज गोष्ट आता सरकारच्या मर्जीची झाली. प्रत्यक्षात कोणी प्रत्येक धनुष्य मोजीत बसला नसेल. पण कायद्याचा खरा दाब अंमलबजावणीपेक्षा शक्यतेत असतो, हे खेड्यात राहिलेल्या माणसास समजावून सांगावे लागत नाही.

आणि सूट होती ती कोणास? युरोपियनांस. मळेवाला गोरा साहेब दहा बंदुका ठेवू शके. ज्याच्या शेतात रानडुकरे शिरत त्याने मात्र जिल्ह्याच्या साहेबाकडे अर्ज करावा. हा वांशिक भेद नियमांतून निघण्यास पहिले महायुद्ध संपावे लागले. एतद्देशीयांमध्ये एक लक्षणीय अपवाद कुर्गचा. तेथील कोडव लोकांना १८६१ मध्ये मिळालेली सवलत स्वतंत्र भारतातही चालू राहिली आणि २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली. राजनिष्ठेचे बक्षीस म्हणून इंग्रजांनी दिलेली गोष्ट पुढे संस्कृतिरक्षणाच्या नावाने टिकावी, याला इतिहासाची गंमत म्हणावे. सातपुड्यातील जमातींना असे काही मिळाले नाही. त्यांची राजनिष्ठा त्या काळी संशयित होती, एवढेच.

कायद्याने शस्त्रे थांबली का? कायदा झाल्यावर वर्षभराच्या आत, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. आपल्या निमाडात तंट्या भिल्लाने पुढली दहा वर्षे सरकारला रानोमाळ फिरविले. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरास त्याला फाशी देण्यात आली. ज्याला शस्त्र वापरावयाचे होते त्याने परवान्याची वाट पाहिली नाही. ज्याने वाट पाहिली तो बहुधा शेतकरी होता. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात बदल मागितला, आणि पुढे १९१८ मध्ये, खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना, खुद्द गांधीजींनीही सार्‍या राष्ट्राला निःशस्त्र करणार्‍या या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली. अहिंसेच्या पुजार्‍याने हे म्हणावे याचे नवल वाटणार्‍यांनी त्यांचे म्हणणे नीट पाहावे. शस्त्र असून न उगारणे आणि शस्त्रच नसणे, यांत त्यांना फरक दिसत होता.

आता स्वतंत्र भारताच्या कायद्याकडे येऊ. तो १९५९ चा; १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. जुना कायदा राष्ट्रास निःशस्त्र करण्यासाठी होता, नवा तसा नसावा, ही भूमिका तो मांडतानाच घेतली गेली. त्यात दोन गोष्टी अशा घडल्या की आमच्या छर्‍याच्या बंदुकीचा प्रश्न एकदम पुढे आला. तलवार, भाला इत्यादी बिनगोळीच्या शस्त्रांना सरसकट परवाना नको, केंद्र सरकार एखाद्या प्रदेशासाठी तसे जाहीर करील तेथेच हवा, असे ठरले; आणि शस्त्रांच्या व्याख्येतून धनुष्य-बाणाचे नाव गळले. दुसरीकडे ‘फायरआर्म’ची व्याख्या रुंदावली. स्फोटक द्रव्याच्या ‘किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोराने काहीही फेकणारे शस्त्र ते फायरआर्म. या दोन-तीन शब्दांत वारा सापडला. अग्नीचा ठिपकाही नसलेली वस्तू अग्निशस्त्र ठरली. भाषेच्या माणसास हे खटकते. पण अन्य ऊर्जा म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. ताणलेल्या दोरीची ओढ हीसुद्धा ऊर्जाच नव्हे काय, असे एखादा खट्याळ वकील विचारील. मी त्या वाटेने जात नाही.

वार्‍याच्या बंदुकीला खेळणे समजणे हे आपले अज्ञान आहे, हेही सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी नावाच्या कारागिराने घडविलेली वार्‍याची रायफल लढाईत वापरली. धूर नाही, मोठा आवाज नाही, आणि एका भरणीत सुमारे वीस गोळ्या. एक गोळी उडविली की पुन्हा दारू ठासण्याचा तो काळ होता, हे लक्षात घ्या. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणार्‍या लुईस आणि क्लार्क यांच्या १८०३ ते १८०६ च्या मोहिमेतही अशी एक बंदूक होती. तेव्हा कायदा करणार्‍यांनी वारा गृहीत धरला, ते सर्वस्वी चुकीचे नव्हते.

परंतु मग जत्रेतल्या फुगेवाल्याचे काय? त्यानेही परवाना काढावा? येथे १९६२ चीच एक अधिसूचना कामी आली. पाच फुटांवर पाइनच्या लाकडाची एक इंच जाडीची फळी ठेवावी. छर्रा ती भेदून पार गेला नाही, तर त्या बंदुकीस परवान्यातून सूट. किती साधी कसोटी! सुताराच्या दुकानात करता यावी अशी. १९६३ साली गुरुजींना हे ठाऊक असते तर त्यांनी आम्हांस फळी आणावयास लावली असती, याविषयी मला शंका नाही. आमच्या त्या बंदुकीस परवाना लागत नव्हता, हे मी बहुतेक खात्रीने म्हणू शकतो. ज्या बंदुकीच्या छर्‍याने डोळा जाता जाता राहिला, ती कायद्याच्या दृष्टीने निरुपद्रवी होती. फळी आणि बुबुळ यांची जाडी सारखी नसते.

पुढे २०१६ च्या नियमांनी फळी बाजूस सारून मोजमाप आणले. छर्‍याचा नळीच्या तोंडाशी असणारा जोर २० ज्यूल, म्हणजे १५ फूट-पौंड, याहून अधिक असेल, किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरहून, म्हणजे .१७७ इंचाहून अधिक असेल, तर परवाना हवा. त्याच्या आत असेल तर नको. इंग्लंडात रायफलीसाठी ही मर्यादा १२ फूट-पौंडांची आहे. स्कॉटलंडने तर २०१६ सालच्या अखेरच्या दिवसापासून बहुतेक वार्‍याच्या शस्त्रांना परवाना लागू केला. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये पक्ष्यांची शिकार थांबावी म्हणून छर्‍याच्या बंदुका स्वखुशीने सरकारजमा करण्याची मोहीम निघाली आणि लोकांनी त्या आणूनही दिल्या. तेथे परवान्याचा प्रश्नच नव्हता. होल्यावर छर्रा झाडणार्‍या माझ्यासारख्याने ती बातमी किती वेळा वाचली असेल, ते मोजलेले नाही.

परवाना नको म्हणजे वाटेल ते करावे, असे मात्र नाही, आणि विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शस्त्र कोणते ते विचारीत नाही; संरक्षित पक्षी वा प्राणी गोफणीने मारला तरी ती शिकारच. इतकेच नव्हे, तर अभयारण्यात वा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणार्‍या आणि शस्त्र बाळगणार्‍या माणसाने, मग तो परवान्यातून मुक्त असला तरी, वनाधिकार्‍याकडे आपले नाव नोंदवावे, असे त्याचे ३४ वे कलम सांगते. त्या पट्ट्यात नवा परवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते.

आता मी ज्या कलमासाठी इतका वेळ घेतला, तेथे येतो. १९५९ च्या कायद्याचे १३ वे कलम. परवाना ही सामान्यतः अधिकार्‍याच्या समाधानाची बाब. अर्जदाराने ‘सबळ कारण’ दाखवावे. परंतु काही प्रकरणी कायदा अधिकार्‍यास परवाना ‘द्यावा’ असे बजावतो. अर्जदार अपात्र असल्यास नाकारण्याची मुभा अर्थात पुढल्या कलमात आहे. अशा अर्जदारांत शेजारी शेजारी दोघे उभे आहेत: पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी, आणि मान्यताप्राप्त नेमबाजी मंडळाचा सभासद असलेला, निशाणाच्या सरावासाठी .२२ ची किंवा वार्‍याची रायफल मागणारा खेळाडू. एकाच कलमात माझे आजोबा आणि अंजली भागवत!

यांतील दुसर्‍या वाटेने महाराष्ट्र किती पुढे गेला, हे आपण जाणता. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये वार्‍याच्या रायफलीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेते झाले. दहा मीटरवरच्या त्या निशाणात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि छर्‍याचा जोर सात-आठ ज्यूलांच्या आसपास, म्हणजे परवान्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी.

पहिल्या वाटेची कथा इतकी उजळ नाही. आमच्या भागात ज्वारी, मका आणि तुरीला रानडुकरांचा उपद्रव पूर्वीपासून आहे. माळ्यावर बसून, पत्र्याचे डबे वाजवून, गोफण फिरवून रात्र जागावयाची. बंदूक बहुधा हवेतच उडावयाची. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात असल्यामुळे बंदुकीचा परवाना खिशात असूनही ते मारता येत नाही. उभ्या पिकाच्या नासाडीसाठी कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वनाधिकार्‍याची निराळी परवानगी लागते. म्हणजे बंदुकीचा कागद जिल्हाधिकार्‍याचा, डुकराचा कागद वनखात्याचा, आणि डुकरे तर दोन्ही कागद न वाचताच येतात. जंगल राखले पाहिजे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण ज्याची सहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत नांगरली जाते, त्याला या दोन दारांमधला रस्ता कोणी समजावून सांगितला आहे, असे मला गेल्या पन्नास वर्षांत दिसले नाही. आजोबांना त्यांचा परवाना पहिल्यांदा समजावून सांगितला तो गुरुजींनी, आणि तोही आमच्या अपराधामुळे.

इतर फेरफारांचा निर्देश धावता करतो. परवान्यासाठी वयाची अट १९८३ मध्ये सोळावरून एकवीस झाली. नेमबाजी शिकणार्‍या लहानांसाठी वेगळी तरतूद आहे. एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत, त्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन केल्या आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली. नियम दर काही वर्षांनी बदलतात. म्हणून येथे ऐकलेले प्रमाण न मानता बंदूक घेण्याआधी चालू नियम पाहावा.

आजोबा १९७१ मध्ये गेले. परवाना काकांच्या नावे झाला, आणि काका गेल्यावर, घरात शेती कसणारे कोणी न उरल्यामुळे, बंदूक कायद्याप्रमाणे जमा केली. ती परत मागावी असे आम्हां भावंडांपैकी कोणासही वाटले नाही. आजोबांचा जुन्या कायद्याखालचा तो कागद, जो गुरुजींनी वर्गात वाचला, आणि काकांची नंतरची पुस्तिका, अशा दोन्ही वस्तू मी आज सोबत आणल्या आहेत. त्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. जुन्या कागदाच्या समासात गुरुजींनी शिसपेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ अजून वाचता येतात; एका इंग्रजी शब्दापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह केले आहे, ते तसेच राहिले आहे. काकांच्या पुस्तिकेतील शेवटची नोंद १९९८ ची आहे: दारू २५० ग्रॅम, टोप्या २५.